पाहुण्या वनस्पतींच्या वाटा शोधणारे शास्त्रज्ञ : शंकर पुरुषोत्तम आघारकर

जलपर्णी, गाजरगवत, घाणेरी, वेडी बाभूळ... शहरांतील तलाव आणि उद्याने व्यापणाऱ्या या परकीय वनस्पती येतात कोठून आणि पसरतात कशा, हा प्रश्न सोडविल्याशिवाय त्यांचा बंदोबस्त होत नाही. तोच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत आयुष्यभर विचारणाऱ्या एका मराठी वनस्पतिशास्त्रज्ञाच्या जीवनकार्याचा हा परिचय.

सोलापुरात विजापूर रस्त्यावर धर्मवीर संभाजी तलाव आहे. जुन्या सोलापूरकरांच्या तोंडी त्याचे कंबर तलाव हे नाव अजूनही आहे. या तलावातील जलपर्णी महापालिकेला एकदा नव्हे, अनेकदा काढावी लागली. यंत्रे लागली, मजूर लागले, काठावर हिरवे ढीग पडले, पाणी मोकळे झाले आणि काही काळाने पुन्हा पानांची चटई पसरू लागली. जिल्ह्यात अन्यत्रही हेच चित्र दिसते. उजनीच्या फुगवट्यावर आणि पंढरीच्या चंद्रभागेत जलपर्णी वारंवार डोके वर काढते. शहरातील उद्यानांच्या कोपऱ्यांत, मोकळ्या भूखंडांवर आणि रस्त्यांच्या कडेला पहिला पाऊस पडताच गाजरगवत उगवते. कुंपणांवर घाणेरी चढते, ओढ्यांच्या काठी वेडी बाभूळ दाटते. दरवर्षी काढायचे आणि दरवर्षी ते परत यायचे, हा क्रम आता सर्वांच्या अंगवळणी पडला आहे.

काढलेली वनस्पती परत येते ती कोणत्या वाटेने? हा प्रश्न एका मराठी शास्त्रज्ञाने कोलकात्यात जलपर्णीपुढे उभे राहून विचारला होता आणि त्यावरील संशोधन १९३० साली प्रसिद्ध केले होते. डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर हे त्यांचे नाव. पुण्यातील आघारकर संशोधन संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते. मात्र नामसाधर्म्यामुळे अनेकांचा समज होतो, की ही संस्था सुधारककार गोपाळ गणेश आगरकर यांची आहे. संस्था ज्या रस्त्यावर उभी आहे, तो रस्ता आगरकरांच्या नावाचा असल्याने या गैरसमजात भरच पडते. आगरकर आणि आघारकर या दोन स्वतंत्र व्यक्ती. पहिल्यांचे चरित्र शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. दुसऱ्यांचे चरित्र त्यांच्या संस्थेच्या आवाराबाहेर फारसे पोहोचलेले नाही. त्यांची कर्मभूमी सोलापूर नव्हती. परंतु सोलापूरच्या तलावांपुढे आणि बागांपुढे आज जे प्रश्न उभे आहेत, त्यांची उकल करण्याची रीत त्यांच्या कामात सापडते.

आघारकरांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी कोकणात मालवण येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात त्यांचे उच्च शिक्षण झाले आणि मुंबई विद्यापीठाची एम. ए. ही पदवी त्यांनी मिळविली. त्या काळी जीवशास्त्राचा विद्यार्थी वनस्पती आणि प्राणी अशा दोन्ही शाखांत सहजतेने वावरत असे. तरुण आघारकरांनी सह्याद्रीत भटकंती करून तेथील जीवसृष्टीचे निरीक्षण सुरू केले आणि त्यांच्या हाती पहिला मोठा शोध लागला तो वनस्पतीचा नव्हे, तर एका इवल्याशा प्राण्याचा. सातारा जिल्ह्यात कृष्णेच्या उपनद्यांच्या पाण्यात त्यांना गोड्या पाण्यातील जेलीफिश आढळली.

जेलीफिश म्हटली की समुद्र आठवतो. गोड्या पाण्यात राहणाऱ्या जेलीफिशच्या जाती मोजक्याच आहेत आणि आघारकरांना सापडलेल्या प्राण्याचे सगेसोयरे तोपर्यंत केवळ आफ्रिकेतील जलाशयांत ठाऊक होते. कोलकात्याच्या इंडियन म्युझियमचे अधीक्षक नेल्सन अॅनंडेल यांनी १९११ साली या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन करून त्याला लिम्नोक्नायडा इंडिका हे नाव दिले. नेचर या जगप्रसिद्ध नियतकालिकानेही या शोधाची दखल घेतली. तिशीही न गाठलेल्या एका मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट होती. शोधाचे महत्त्व नव्या जातीच्या नावापुरते नव्हते. आफ्रिकेतील प्राण्याचा भाऊबंद सह्याद्रीच्या नदीत कसा? तो येथे केव्हापासून आहे? या दोन भूभागांचे नाते काय? सजीवांच्या भौगोलिक प्रसाराचा हा प्रश्न आघारकरांच्या पुढील साऱ्या आयुष्याला पुरला.

याच सुमारास कोलकाता विद्यापीठात एक नवे पर्व सुरू होत होते. नामवंत विधिज्ञ सर रासबिहारी घोष यांनी १९१३ साली विद्यापीठाला १० लाख रुपयांची देणगी दिली आणि तिच्यातून विज्ञानाची चार अध्यासने निर्माण झाली. त्यांपैकी एक अध्यासन वनस्पतिशास्त्राचे होते आणि त्यात शेतीच्या अंगाने विचार व्हावा, अशी अपेक्षा होती. सर आशुतोष मुखर्जी यांनी या अध्यासनांसाठी देशभरातून तरुण माणसे निवडली. वनस्पतिशास्त्राच्या अध्यासनावर मालवणच्या आघारकरांची निवड झाली. परदेशी जाऊन आपल्या विषयातील प्रगत ज्ञान मिळवावे आणि मग परतून अध्यापन करावे, अशी त्यामागची योजना होती.

आघारकरांनी त्यासाठी बर्लिन गाठले. तेथील वनस्पती उद्यानाचे संचालक अडॉल्फ एंग्लर हे वनस्पतींचे वर्गीकरण आणि वनस्पतिभूगोल या दोन्ही विषयांतील त्या काळचे अधिकारी पुरुष होते. कोणती वनस्पती पृथ्वीच्या पाठीवर कोठे वाढते आणि तेथेच का वाढते, हा एंग्लर यांच्या अभ्यासाचा गाभा. सह्याद्रीतील जेलीफिशने ज्यांच्या मनात हाच प्रश्न जागा केला होता, त्यांना याहून योग्य गुरू मिळणे कठीण होते. परंतु १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. आघारकर ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन होते आणि जर्मनीच्या दृष्टीने शत्रुपक्षातील नागरिक ठरले. घोष अध्यासनाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक देवेंद्रमोहन बोस हेदेखील त्या वेळी बर्लिनमध्येच अडकून पडले होते. आघारकरांना काही काळ स्थानबद्धतेत काढावा लागला. थोड्या काळासाठी गेलेल्या माणसाचा परदेशातील मुक्काम वर्षानुवर्षे लांबला.

या खडतर काळातही त्यांनी संशोधन सोडले नाही. बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळविली आणि त्यांचा प्रबंध १९२० साली एंग्लर यांच्या नियतकालिकाच्या पुरवणीत जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. वायव्य भारताच्या रुक्ष आणि खारवट प्रदेशातील वनस्पती आपला प्रसार कोणत्या साधनांनी करतात आणि त्यांचे मूळ कोठले, हा त्या प्रबंधाचा विषय होता. कमी पाण्यावर जगणाऱ्या, अर्धवट कोरड्या जागी तग धरणाऱ्या आणि खारट जमिनीत वाढणाऱ्या वनस्पती त्यांनी अभ्यासासाठी घेतल्या. झाड स्वतः चालत नाही. त्याचे बी चालते, उडते, वाहते, चिकटते किंवा कोणाच्या तरी पोटातून प्रवास करते. म्हणून एखाद्या प्रदेशात एखादी वनस्पती का आहे, हे सांगायचे तर तिच्या फळाची आणि बियांची रचना आधी पाहिली पाहिजे, हा या अभ्यासामागचा विचार होता.

अवर्षणाशी जन्माचे नाते असलेल्या सोलापूरकरांना हा विषय समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. येथील माळावर चालून आलेल्या माणसाच्या चपलेत गोखरूचे काटे रुतलेले असतात आणि धोतराला किंवा पातळाला आघाड्याची कुसे चिकटलेली असतात. रुईचे बोंड फुटले, की रेशमी झुपका असलेल्या म्हाताऱ्या वाऱ्यावर तरंगत दूर जातात. वेडी बाभूळ शेळ्यामेंढ्यांच्या पोटातून फिरते. जनावरे गोडसर शेंगा खातात, कठीण बिया न पचता लेंड्यांतून आणि शेणातून बाहेर पडतात आणि जेथे पडतात तेथे रुजतात. प्रत्येक वनस्पतीची चाल निराळी. ती ओळखल्याशिवाय तिला अडविता येत नाही.

आघारकर १९२० साली भारतात परतले आणि कोलकाता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राच्या अध्यासनाची धुरा त्यांनी प्रत्यक्ष हाती घेतली. पुढील सुमारे पाव शतक, १९४६ पर्यंत, ते या पदावर होते. ते परतले तेव्हा बंगाल एका अनोख्या संकटाने हैराण झालेला होता. ते संकट होते जलपर्णी.

दक्षिण अमेरिकेतील अॅमेझॉनच्या खोऱ्यातली ही वनस्पती. तिच्या जांभळट फुलांच्या तुऱ्यांवर भाळून जगभरच्या बागप्रेमींनी तिला आपल्या तळ्यांत आणून सोडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्येही शोभेची वनस्पती म्हणून आली. बागेतल्या तळ्यातून ती ओढ्यात, ओढ्यातून नदीत आणि पुराच्या पाण्याबरोबर भाताच्या खाचरांत शिरली. नद्या आणि कालवे हेच ज्या प्रांताचे रस्ते, तेथे नावा अडू लागल्या. भाताची रोपे तिच्या ओझ्याखाली दबू लागली, मासेमारी बसली. महायुद्धाच्या काळात बंगालच्या काही भागांत लोक तिला जर्मन पाना म्हणू लागले. शत्रूचे नाव देण्याइतकी ती लोकांना नकोशी झाली होती. त्याच युद्धात शत्रूच्या देशात अडकून पडलेला वनस्पतिशास्त्रज्ञ पुढे तिचाच अभ्यास करणार होता, हा एक योगायोगच म्हणायचा.

बंगाल सरकारने १९२१ साली जलपर्णीच्या प्रश्नावर समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद सर जगदीशचंद्र बोस यांच्याकडे सोपविले. जलपर्णी जाळावी, कुजवावी, तिच्यावर रसायने फवारावीत की हाताने उपटावी, यावर वर्षानुवर्षे वाद चालले. १९३६ साली बंगालमध्ये जलपर्णीविषयी स्वतंत्र कायदाच करण्यात आला आणि त्यानंतरच्या १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत तिच्या निर्मूलनाचे आश्वासन पक्षांच्या जाहीरनाम्यांत झळकले. एका पाणवनस्पतीने राजकारणाच्या आखाड्यात उतरण्याचे हे विरळा उदाहरण आहे.

या साऱ्या गदारोळात आघारकरांनी निवडलेला प्रश्न वरकरणी अगदीच साधा होता. आपले सहकारी आय. बॅनर्जी यांच्यासमवेत त्यांनी जलपर्णीचे परागण आणि बीजनिर्मिती यांचा अभ्यास हाती घेतला आणि १९३० साली अॅग्रिकल्चरल जर्नल ऑफ इंडिया या शेतीविषयक नियतकालिकात त्यावरील शोधनिबंध प्रसिद्ध केला. जलपर्णी कशी मारावी, यावर सारे बोलत असताना जलपर्णीला बी कसे धरते, हे त्यांनी पाहावयास घेतले.

या प्रश्नाचे मोल समजण्यासाठी जलपर्णीचे जीवनचक्र थोडे जवळून पाहावे लागते. तिच्या देठांत हवेने भरलेल्या फुगीर पोकळ्या असतात आणि त्यांच्या जोरावर ती तरंगते. एका रोपापासून पाण्याच्या पृष्ठभागालगत आडवे धुमारे फुटतात, प्रत्येक धुमाऱ्याच्या टोकाला नवे रोप तयार होते आणि काही दिवसांत तेही स्वतंत्रपणे वाढू लागते. उबदार आणि भरपूर पोषक द्रव्ये असलेल्या पाण्यात तिची संख्या आठवड्या-दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. डोळ्यांना दिसतो तो हा प्रसार. तो एवढाच असता, तर तलावातील शेवटचे रोप बाहेर काढले की काम संपले असते. परंतु फुलोरा ओसरल्यावर तिचा तुरा वाकून पाण्यात जातो, तेथे फळ पिकते आणि सूक्ष्म बिया सुटून तळाच्या गाळात जाऊन बसतात. गाळात या बिया पंधरा-वीस वर्षेही जिवंत राहू शकतात, असे आज ज्ञात आहे. पाणी ओसरून गाळ उघडा पडला, त्याला ऊन आणि ऊब मिळाली, की त्या रुजतात.

सोलापूरचे तलाव पाहिले, की या शास्त्राचा अर्थ ध्यानात येतो. बंगालच्या नद्या बारमाही भरलेल्या. येथील तलाव उन्हाळ्यात आटतात, काठ मागे हटतात आणि गाळाची रुंद पट्टी उघडी पडते. बियांना रुजण्यासाठी नेमकी हीच संधी हवी असते. पहिल्या पावसात गाळात उगवलेली इवली रोपे पाणी चढताच तरंगू लागतात आणि गतवर्षी स्वच्छ केलेला तलाव पुन्हा हिरवा होतो. लोकांना वाटते, ठेकेदाराने काम नीट केले नाही. काही वेळा तसे असेलही, परंतु कामात कसूर नसतानाही हे घडू शकते. जलपर्णी फुलावर येण्याआधी काढली, काढलेला ढीग काठावर न ठेवता पाण्यापासून दूर नेऊन त्याचे खत केले आणि उन्हाळ्यात तलावातील गाळच उपसला, तर बियांचा साठा हळूहळू रिता होतो. कॅलेंडरातील मोकळी तारीख पाहून काढलेली जलपर्णी आणि तिच्या फुलोऱ्याआधी काढलेली जलपर्णी यांत खर्च सारखाच येतो. परिणाम मात्र सारखा नसतो.

परकीय वनस्पतीचा स्वभाव नेमका ओळखला, तर तिचा पाडाव होतो, याचा दाखला आघारकरांच्याच काळात दख्खनने पाहिला. फड्या निवडुंग हीदेखील अमेरिकेतून आलेली वनस्पती. कुंपणासाठी लावलेल्या निवडुंगाने दख्खनमधील गायराने आणि गावांचे पांद रस्ते गिळले होते. १९२६ साली श्रीलंकेतून दक्षिण भारतात आणलेल्या कोचिनील किड्याच्या एका जातीने निवडुंगाची बने पोखरून काढली आणि पुढील काही वर्षांत मोठमोठी क्षेत्रे मोकळी झाली. हा कीटक केवळ निवडुंगावरच जगणारा होता, म्हणून हा प्रयोग यशस्वी ठरला. त्याच धर्तीवर पुढे जलपर्णीसाठी सोंडकिडे आणि गाजरगवतासाठी मेक्सिकन भुंगे १९८० च्या दशकात भारतात आणण्यात आले. बंगळुरूच्या परिसरातील काही तलावांत सोंडकिड्यांनी चांगले काम केले. मात्र सर्वत्र निवडुंगासारखे यश आले नाही. पाण्यात सतत सांडपाणी मिसळत असेल, तर कीटकांच्या खाण्यापेक्षा जलपर्णीच्या वाढीचा वेग अधिक राहतो.

संशोधन आणि अध्यापन यांखेरीज आघारकरांनी विज्ञानाच्या संघटनेसाठीही कष्ट घेतले. भारतीय विज्ञान परिषदेचे सरचिटणीस म्हणून त्यांनी काम पाहिले. देशातील शास्त्रज्ञांना एका व्यासपीठावर आणणारी ही परिषद तेव्हा बाल्यावस्थेत होती. १९३५ साली स्थापन झालेल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सेस ऑफ इंडिया या संस्थेचे, म्हणजे आजच्या भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे, ते संस्थापक सदस्य होते. परंतु त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे संघटनकार्य निवृत्तीनंतर घडावयाचे होते.

कोलकात्यात इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली लोकवर्गणीतून उभी केली होती. सी. व्ही. रामन यांनी आपले नोबेल पारितोषिकाचे संशोधन याच संस्थेत केले.  १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स, मराठीत महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी, ही संस्था स्थापन झाली आणि तिचे संस्थापक संचालक म्हणून आघारकरांनी जबाबदारी स्वीकारली. वयाची साठी उलटलेली होती. ज्या वयात माणसे नातवंडांत आणि आठवणींत रमतात, त्या वयात त्यांनी एका रोपट्याला पाणी घालण्यास प्रारंभ केला. मृत्यूपर्यंत, म्हणजे १९६० पर्यंत, ते या संस्थेचे संचालक होते.

या संस्थेच्या कामातील एक भाग बाहेरच्या माणसाला अगदीच रूक्ष वाटेल. तो म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह. रानात जाऊन वनस्पती गोळा करायची, दाबून वाळवायची, जाड कागदावर चिकटवायची आणि तिच्याखाली जागा, तारीख व संग्राहकाचे नाव लिहायचे. हा संग्रह आज आघारकरांच्या नावाने ओळखला जातो. असा संग्रह नसेल, तर एखादी वनस्पती एखाद्या गावात नवी आली आहे की आधीपासूनच होती, हे सांगण्यासाठी लोकांच्या स्मरणशक्तीशिवाय दुसरे साधन उरत नाही आणि स्मरणशक्ती फार तर दोन पिढ्या मागे जाते. घाणेरीचेच पाहावे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी ती शोभेचे झुडूप म्हणून कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आली. आज खेड्यातला माणूस तिला आपल्याच रानातली समजतो. तिची रंगीबेरंगी फुले मुले वेचतात, काळी फळे पाखरे खातात आणि तीच पाखरे तिचे बी रानोमाळ नेतात.

आघारकर पुण्यात असतानाच या शहरात एका नव्या पाहुणीची नोंद झाली. १९५५ साली पुण्यात गाजरगवत आढळले आणि वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी १९५६ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ही नोंद प्रसिद्ध केली. मध्य अमेरिकेच्या परिसरातील हे गवत अमेरिकेतून आयात केलेल्या धान्याबरोबर आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ते नव्याने आले आहे, हे ध्यानात आले ते वनस्पतींची नावनिशीवार ओळख असलेल्या माणसांमुळेच. त्या वेळी ते मोजक्या जागी होते. काही दशकांत त्याने देशाचा बहुतेक भाग व्यापला. मराठी माणसाने त्याला काँग्रेस गवत, चटकचांदणी अशी नावे देऊन टाकली. त्याच्या एका झाडाला हजारो बिया धरतात, त्याच्या परागकणांनी अनेकांना दमा आणि त्वचेची ॲलर्जी होते आणि गुरे त्याला तोंड लावत नाहीत. पाहुणा दारात असतानाच त्याला ओळखले आणि तेव्हाच आवर घातला, तर खर्च थोडा येतो. तो घरभर पसरल्यावर पिढ्यान्पिढ्या खर्च करीत राहावे लागते.

२ सप्टेंबर १९६० रोजी आघारकरांचे निधन झाले. त्यांनी लावलेले रोपटे पुढे वाढले. संस्थेचे शास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातील देवराया पिंजून काढल्या आणि १९७० च्या दशकात माधव गाडगीळ यांच्यासमवेत त्यांवर मूलगामी लेखन केले. ही संस्था केंद्र शासनाच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची स्वायत्त संस्था झाली. १९९२ साली तिला आघारकर संशोधन संस्था हे नाव देण्यात आले. गहू, सोयाबीन आणि द्राक्ष यांच्या वाणांवरील तिचे काम शेतकऱ्यांपर्यंत पोहोचले.

यातील सोयाबीन हे पीकही बाहेरदेशीचेच, हे येथे मुद्दाम सांगावयास हवे. परकीय म्हणजे शत्रू, असे समीकरण शास्त्र मांडत नाही. सोलापूरची ओळख असलेली शेंगाचटणी घेतली, तर तिच्यातील शेंगा आणि मिरची दोन्ही अमेरिका खंडातून आलेल्या. जिल्ह्याला पैसा मिळवून देणारे डाळिंब इराणकडचे. ही पिके माणसाने लावली तर वाढतात, सोडून दिली तर मागे हटतात. जलपर्णी आणि गाजरगवत यांचे तसे नाही. माणसाने आणली, पण माणसाच्या हातात राहिली नाहीत आणि स्थानिक वनस्पतींची जागा त्यांनी बळकावली. वनस्पती कोठून आली, एवढ्यावर निवाडा करता येत नाही. ती येथे आल्यावर कशी वागते, ते पाहावे लागते. आघारकरांच्या प्रबंधाने मूळ आणि प्रसार या दोन्ही गोष्टी एकत्र तपासल्या होत्या, त्याचे महत्त्व येथे कळते.

सोलापूरच्या जलपर्णीच्या प्रश्नाला आणखी एक पदर आहे आणि तो पुण्याशी जोडलेला आहे. मुळा-मुठेचे पाणी भीमेला मिळते, भीमा उजनी धरणात येते आणि उजनीच्या पाण्यावर सोलापूर शहराची तहान भागते. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या शहरांचे सांडपाणी याच वाटेने खाली येते आणि त्यातील नत्र व स्फुरद जलपर्णीला खताप्रमाणे मिळतात. आघारकरांनी ज्या शहरात संस्था उभारली, त्या शहराचे मैलापाणी शुद्ध होत नाही तोवर भीमेच्या खालच्या अंगाला कितीही यंत्रे लावली, तरी काम पुरे होणार नाही. शहरातील तलावांनाही हाच न्याय लागू आहे. नाल्याचे तोंड तलावात उघडे ठेवून जलपर्णी काढत बसणे, म्हणजे नळ सुरू ठेवून फरशी पुसण्यासारखे आहे.

उद्यानांच्या बाबतीत तर जबाबदारी अधिक मोठी आहे. जलपर्णी आणि घाणेरी या दोघींनीही देशात प्रवेश केला तो बागेच्या फाटकातून, शोभेची वनस्पती म्हणून. आजही रोपवाटिकेत दिसलेले एखादे देखणे रोप चौकशी न करता बागेत येते. नवे रोप लावण्यापूर्वी तीन गोष्टी विचारल्या पाहिजेत. त्याचे मूळ कोठले, त्याचे बी कसे पसरते आणि येथे त्याला खाणारे कोणी आहे काय? लावून झाले असेल आणि ते कुंपणाबाहेर उगवू लागले असेल, तर ती धोक्याची सूचना समजावी. गाजरगवत फुलण्याआधी, पावसाने जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. घाणेरी नुसती छाटली तर बुंध्यातून जोमाने फुटते, म्हणून तिचे मूळ खणून काढावे. मोकळी झालेली जमीन तशीच उघडी ठेवली, तर तेच तण पुन्हा तिचा ताबा घेते. तेथे कडुनिंब, करंज, आपटा, तरवड अशी या हवेला सोसणारी झाडेझुडपे आणि स्थानिक गवते लावणे हाच टिकाऊ उपाय ठरतो.

हे सारे करण्यासाठी मोठ्या प्रयोगशाळा लागत नाहीत. शहरातील प्रत्येक उद्यानात आणि तलावाकाठी कोणती वनस्पती केव्हा फुलते आणि केव्हा बी धरते, याची तारीखवार नोंद ठेवणारी वही लागते. महाविद्यालयांचे वनस्पतिशास्त्र विभाग आणि महापालिकेचा उद्यान विभाग यांनी मनावर घेतले, तर अशी वही सोलापुरात येत्या पावसाळ्यापासून सुरू होऊ शकते. आघारकरांनी सह्याद्रीच्या डोहापासून कोलकात्याच्या जलपर्णीपर्यंत आयुष्यभर जे केले, त्याची सुरुवात अशाच नोंदींपासून झाली होती.